आरासेलीत सुधारणा नाही

लास पालोमितास हायस्कूलचे उपमुख्याध्यापक मि. हॅथकॉट हे शुक्रवार, दिनांक सव्वीस सप्टेंबर रोजी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या मुख्य दालनात पालथे पडले. पडायला शाळेच्या नियमावलीत बंदी नाही. परंतु त्यांना पाडणारी वस्तू दहावीतल्या आरासेली ओचोआ हिच्या छातीवरून लोंबत होती, त्यामुळे प्रकरण नियमावलीकडे जाणं भाग होतं.

त्या दिवशी फुटबॉलचा वर्षातला मोठा सामना होता. गावाबाहेर गेलेले माजी विद्यार्थी त्यासाठी परत येतात आणि टेक्सासातल्या रिवाजाप्रमाणे मुली छातीवर रेशमी शेवंतीचं फूल लावून मिरवतात. फूल नुसतं नावाला असतं. त्याच्याखाली रिबिनी, घुंगरं, कापसाची अस्वलं आणि अलीकडे तर दिवेसुद्धा असतात, आणि प्रत्येक आई शेजारणीच्या मुलीपेक्षा आपल्या मुलीचं वीतभर लांब करते. आरासेलीची आई होवीता हिने यंदा फारच मनावर घेतलं होतं. रिबिनी जमिनीला टेकून वर हातभर मागे फरफटत होत्या. मि. हॅथकॉट "पोरी, हे जरा आवर," असं म्हणत पुढे आले ते नेमके रिबिनीवर उभे राहिले. आरासेली "सॉरी सर" म्हणून अदबीने वळली, आणि घुंगरांच्या गजरात शाळेची शिस्त आडवी झाली.

नियमावलीत 'शोभेच्या फुलामुळे उपमुख्याध्यापक पडणे' असा रकाना नव्हता. त्यातल्या त्यात जवळचा रकाना 'कर्मचाऱ्यावर वस्तूने हल्ला' हा होता. रकाना निवडल्याशिवाय संगणक पुढचं पान उघडत नाही, म्हणून कारकून बाईंनी हळहळत तोच निवडला. पुढचं पान उघडलं त्यावर 'नवी पहाट वर्तन-सुधार शाळा, तीस दिवस' असं आपोआप उमटलेलं होतं. मि. हॅथकॉट यांनी गुडघ्याला बर्फ लावत त्यावर सही केली. "माझा वैयक्तिक राग नाही हं," ते म्हणाले. "संगणकच म्हणतोय."

आरासेली घरी येऊन रडली ती शाळा बदलली म्हणून नाही. ती शाळेच्या बँडमध्ये सूझाफोन वाजवायची. सूझाफोन म्हणजे अंगाभोवती वळसा घालून डोक्यावर तोंड वासणारा पितळी भोंगा, आणि तो उचलून नऊ मिनिटं कवायत करू शकेल अशी सबंध शाळेत ती एकटीच होती. आठ नोव्हेंबरच्या शनिवारी प्रांतिक स्पर्धा होती. वर्तन-सुधार शाळेत असलेल्या मुलाला मूळ शाळेच्या मैदानात किंवा तिच्या कोणत्याही कार्यक्रमात पाऊल टाकायची मनाई असते. सुट्ट्या वगळून शाळेचे तीस दिवस मोजले तर ते सात नोव्हेंबरला, शुक्रवारी, पुरे होत होते.

"एक दिवस हातात राहतो," होवीता म्हणाली. ती गाड्यांच्या नंबरपाट्या देणाऱ्या सरकारी कचेरीत खिडकीवर बसायची आणि बावीस वर्षांत तिने कुठल्याही कागदापुढे हार मानली नव्हती. "तीस दिवस खाली मान घालून काढ. वर बघायचं नाही, उलट बोलायचं नाही. चूक म्हणून करायची नाही."

हाच सल्ला पोरीला नडणार आहे, हे तेव्हा दोघींनाही कळलं नाही.

नवी पहाट शाळा गावाबाहेर, पूर्वी चटयांचं गोदाम होतं त्या जागेत भरत असे. खिडक्या नव्हत्या, त्यामुळे पहाट भिंतीवर रंगवली होती. सकाळी दारातच मुलांची झडती व्हायची, बुटांचे तळवे वर करून दाखवायचे, मोजे पांढरे आहेत याची खात्री पटवायची. खिसे शिवून टाकलेल्या पँट घालायच्या. फरशीवर एक पिवळी रेघ होती आणि दारापासून वर्गापर्यंत, वर्गापासून जेवणघरापर्यंत प्रत्येकाने, शिक्षकांनीसुद्धा, तिच्यावरूनच चालायचं, हात पाठीमागे बांधून. जेवताना बोलायचं नाही. प्रत्येकाच्या गळ्यात एक हिरवं कार्ड असे आणि दर तासाला शिक्षक त्यावर गुण भरत: हात स्वतःपाशी ठेवले काय, सूचना पहिल्या खेपेला पाळली काय, चेहऱ्यावर योग्य भाव होता काय. योग्य भाव म्हणजे कोणता, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण अयोग्य भाव सगळ्यांना ओळखता येत असे.

आरासेलीने पहिल्याच दिवशी शंभरपैकी शंभर गुण मिळवले. दुसऱ्या दिवशीही शंभर, तिसऱ्या दिवशीही. रेघेवरून ती अशी चालायची की बँडमधली कवायत उगाच गेली नाही असं वाटावं. चेहऱ्याचं म्हणाल तर भोंग्याच्या आत अर्धं डोकं घालून चार वर्षं काढलेल्या मुलीला भाव लपवणं जड नव्हतं.

"तू आजारी आहेस का?" शेल्बी क्राउचने एकदा मोज्यांच्या तपासणीत ओठ न हलवता विचारलं. शेल्बी सोळा वर्षांची होती आणि तिची ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला तिने प्रदर्शनासाठी पाळलेली बकरी शिक्षकांच्या विश्रांतिकक्षात सोडली होती, आणि दुसऱ्या खेपेला तीच बकरी परत आणायला गेली होती.

"नाही. मला लवकर सुटायचंय."

"मग असं वागून नाही सुटायचीस तू," शेल्बी म्हणाली. तपासणीस वळला म्हणून तिचं पुढचं बोलणं राहून गेलं.

पंधराव्या दिवशी नियमानुसार अर्धमुदत आढावा झाला. वर्तन-समन्वयक लुअ‍ॅन स्टॅकपोल मॅडम मनाने फार चांगल्या होत्या. त्यांच्या टेबलावर कागदी रुमालांचं खोकं असे आणि ते विद्यार्थ्यांपेक्षा त्यांनाच जास्त लागे. त्यांनी आरासेलीचं कार्ड बघितलं, संगणक बघितला, चष्मा पुसला आणि पुन्हा संगणक बघितला.

"बाळा," त्या म्हणाल्या, "तुझ्यात काहीच सुधारणा नाही गं."

"पण मॅडम, मला रोज शंभर पडतात."

"तेच तर. पहिल्या दिवशी शंभर, आज शंभर. सुधारणा शून्य टक्के. सुटायला कमीत कमी तीस टक्के सुधारणा लागते. आमच्याकडे ज्या मुलाने पहिल्या दिवशी खुर्ची फेकली होती ना, तो आता फक्त खुर्चीला लाथ मारतो. त्याची साठ टक्के झाली. परवा सुटतोय तो." मॅडमनी रुमाल ओढला. "तू मात्र आलीस तशीच आहेस."

"मग काय होईल?"

"ज्याच्यात सुधारणा नाही त्याला आणखी तीस दिवस मिळतात. सुधारायला वाव मिळावा म्हणून."

वर बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी आरासेलीने वर बघितलं. "आणि मॅडम, शंभराच्या वर जाता येतं का?"

"छे गं. शंभराच्या वर गुण देणं हे गैरवर्तन आहे."

पुढच्या सोमवारी होवीता रजा टाकून मुख्याध्यापक ड्वेन प्रिहोडा यांच्यासमोर येऊन बसली. प्रिहोडा सर उंच, गुलाबी आणि कायम प्रसन्न होते. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर शाळेचा सुधारणेचा आलेख होता, गेली तीन वर्षं साधारण सपाट.

"सर, तुमच्या फॉर्मला आधी वाईट वागणूक हवी आहे, बरोबर?" होवीता म्हणाली. "मी पण फॉर्मच्याच धंद्यात आहे, तेव्हा लाजू नका. किती हवी तेवढी सांगा, उद्यापासून पोरगी वाईट वागेल. चार दिवसांत पुन्हा चांगली. तुमचे तीस टक्के तुम्हाला, माझी पोरगी मला." आणि तिने पर्समधून रीतसर अर्ज काढला. विषय: चार दिवस गैरवर्तन करण्यास परवानगी मिळणेबाबत. सोबत गैरवर्तनाचं वेळापत्रक जोडलं होतं.

प्रिहोडा सरांनी तो मनापासून वाचला. "अर्ज फार नीटनेटका आहे," ते म्हणाले. "वेळापत्रकही उत्तम. मंगळवारी दुपारी 'शिक्षकांना उलट उत्तर, सौम्य' हे तर मला फार आवडलं. परंतु मिसेस ओचोआ, एक अडचण आहे. मी परवानगी दिली आणि तिने त्याप्रमाणे गैरवर्तन केलं, तर ते आज्ञापालन झालं. मला तिला शंभर गुण द्यावे लागतील."

"आणि तुम्ही परवानगी नाकारली तर?"

"नाकारली आणि तिने तरीही केलं, तर ते जाणूनबुजून केलेलं ठरेल. त्याला साठ दिवस."

होवीताने अर्ज उचलला, नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ती उठली. "म्हणजे मी आज इथे आलेच नव्हते," ती म्हणाली.

"आपल्याला भेटून आनंद झाला नाही," प्रिहोडा सर तत्परतेने म्हणाले. बाई शहाणी होती आणि सरांना शहाणपणाची कदर होती.

आता मार्ग एकच उरला. गैरवर्तन करायचं, पण कोणाला न विचारता. ते लक्षात येईल इतकं मोठं हवं आणि साठ दिवस पडणार नाहीत इतकं लहान हवं. या कामात गावात शेल्बीचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने बुटांच्या तपासणीत, हात धुण्याच्या रांगेत, मिळेल तिथे अर्ध्या अर्ध्या वाक्यात शिकवणी सुरू केली.

"जेवताना बोल. सोप्पं आहे. नवख्यांना जमतं."

मंगळवारी आरासेलीने जेवणघरात चिकनचा तुकडा पुढ्यात घेऊन स्पष्ट आवाजात दोन वाक्यं म्हटली. "हे चिकन रबरासारखं आहे. देवा, हे कोण खातं?" देखरेखीवरचे गृहस्थ धावत आले. आरासेलीने भीतीने डोळे मिटून हात घट्ट जोडले होते. गृहस्थ थबकले, त्यांनी टोपी काढली, आणि कार्डावर लिहिलं: जेवणापूर्वी प्रार्थना केली, धर्मस्वातंत्र्याचा आदर राखण्यात आला. शंभर.

"उलट बोल," शेल्बीने बुधवारी सांगितलं. "गणिताच्या सरांना. ते बिचारे घाबरट आहेत."

गणिताच्या तासाला आरासेली उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे चूक आहे. तुम्ही फळ्यावर उणेचं चिन्ह विसरलात." सर वळले. फळ्याकडे बघितलं. चिन्ह खरोखरच विसरलं होतं. नवी पहाट शाळेत अकरा वर्षं शिकवताना त्यांच्या फळ्याकडे कोणी बघतंय याचा त्यांना हा पहिलाच पुरावा मिळाला होता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कार्डावर शंभर लिहिले आणि खाली बारीक अक्षरात 'धन्यवाद' असंही लिहिलं.

"तुझं काही खरं नाही," शेल्बी कपाळावर हात मारून म्हणाली. "तुला जन्मजात खोड आहे. आता शेवटचा उपाय. रेघ सोड."

रेघ सोडणं हा नवी पहाट शाळेतला मोठा गुन्हा होता. गुरुवारी सकाळी आरासेली हात मागे बांधून रांगेत सगळ्यांच्या पुढे चालत होती. मधल्या चौकात रेघ उजवीकडे वळली आणि आरासेली डावीकडे गेली. पाण्याच्या यंत्राला तिने एक सावकाश वळसा घातला, झाडू-फडक्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, तिथे थांबली आणि आता आपल्याला ओरडा बसणार म्हणून वाट बघत उभी राहिली. मागची रांग रेघेवरच थांबली.

स्टॅकपोल मॅडम आल्या. त्यांनी आरासेलीकडे बघितलं, मग रेघेकडे बघितलं. या मुलीने अठरा दिवसांत एकही चूक केलेली नव्हती. रेघ मात्र सहा वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने सर्वांत कमी दरात मारलेली होती.

"अरे देवा," मॅडम म्हणाल्या. "रेघ चुकलीय."

शनिवारी-रविवारी रंगारी आला. आरासेली जिथून चालली तिथून, यंत्राला वळसा घालून झाडूच्या खोलीपर्यंत, नवी पिवळीधमक रेघ ओढली गेली. जुनी रेघ खरवडून काढली. झाडूच्या खोलीत शिरून रेघ भिंतीशी फिरली आणि तशीच परत बाहेर येऊन वर्गाकडे गेली, कारण रंगाऱ्यालाही ती शेवटी वर्गापर्यंत पोचवणं भाग होतं.

सोमवारी नव्या रेघेवरून कसं चालायचं याचं प्रात्यक्षिक प्रिहोडा सरांनी स्वतः दिलं. सर पुढे, हात मागे, चेहऱ्यावर योग्य भाव. मागे चौदा मुलं. रेघ झाडूच्या खोलीत गेली तसे सरही गेले आणि त्यांच्यामागे सगळेजण शिरले. खोली तीन झाडू आणि एक बादली यांच्यासाठी बांधलेली होती. रेघेवर बोलायला मनाई असल्यामुळे कोणी काही बोललं नाही. आतून आधी बादली पडल्याचा आवाज आला, मग दिवा गेला. मग अंधारात सरांचा आवाज आला, "कोणीही रेघ सोडू नये." आणि त्यावर एक झाडू सरांच्या खांद्यावर अलगद येऊन टेकला.

आरासेली हसली. ठरवून नाही, शेल्बीने शिकवलं म्हणून नाही. आधी नाकातून हसली, मग ते आवरेना, तशी भिंतीला टेकून भोंगा वाजवणाऱ्या मुलीच्या छातीत जेवढा दम असतो तेवढ्या दमाने हसली. चार आठवड्यांत पहिल्यांदा तिला छान वाटलं. दिवा लागला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि प्रिहोडा सर खांद्यावर झाडू घेऊन तिच्याकडे बघत होते.

चेहऱ्यावर योग्य भाव: शून्य. हात स्वतःपाशी: शून्य, कारण ती शेल्बीला धरून उभी होती. सूचना पहिल्या खेपेला: शून्य.

रेघेसाठीचा रंग तिमाहीतून एकदाच मागवता येत असे. त्यामुळे पुढचे तीन दिवस दर तासाला सगळी शाळा ओळीने झाडूच्या खोलीत जाऊन, तिथल्या तिथे फिरून, बाहेर येत होती. आणि दर तासाला आरासेलीला हसू फुटत होतं. कार्ड घसरत घसरत अडतीसवर आलं. स्टॅकपोल मॅडम रुमालांचं दुसरं खोकं फोडून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, बाळा. तुझ्यातही वाईट आहे. फक्त त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला."

चौथ्या दिवशी हसू थांबलं. रोज सात वेळा झाडूच्या खोलीत जाऊन येणं ही तोवर शाळेची पद्धत झाली होती. नव्याने आलेल्या एका मुलाने "इथे कशाला?" असं विचारलं तर मुलांनीच त्याला गप्प केलं. खुद्द आरासेली दारात आपोआप मान झुकवून आत शिरू लागली, आणि कार्डावर पुन्हा शंभर आले.

सहा नोव्हेंबरला स्टॅकपोल मॅडमनी गणकयंत्र दोनदा चालवलं. अडतीसवरून शंभर. सुधारणा एकशे त्रेसष्ट टक्के. मॅडम खुर्चीतून उठल्या, रेघेवरूनच पण धावत, झाडूच्या खोलीतून जाऊन येऊन मुख्याध्यापकांकडे पोचल्या. भिंतीवरचा आलेख कागदाबाहेर गेला आणि वरच्या घड्याळापर्यंत चिकटपट्टी लावावी लागली. एवढी सुधारणा प्रांतातल्या कोणत्याही शाळेत कधी झाली नव्हती.

शुक्रवारी, तिसाव्या दिवशी, आरासेली सुटकेच्या कागदासाठी प्रिहोडा सरांपुढे उभी राहिली. सरांनी तिचा हात हातात घेऊन हलवला. "मुली, तू या शाळेचं सोनं केलंस."

"थँक्यू सर. मग मी जाऊ? उद्या सकाळी आमची बस आहे. सात वाजता."

"जाऊ?" सर दुखावले. "अगं, वीस तारखेला प्रांताचे निरीक्षक येतायत. तुलाच बघायला! एवढ्या सुधारणेचा आलेख आहे, आणि तो आलेख ज्या मुलीचा तीच नाही म्हटल्यावर मी त्यांना काय दाखवू? जी मुलं सुधारली नाहीत ती?"

"पण सर, माझे तीस टक्के झाले. त्याच्यावर एकशे तेहेतीस झाले."

"म्हणून तर. तीस टक्केवाल्याला मी थांबवलं असतं का? तो आत्ता घरी पोचला असता. तुझी मुदत मी तीस दिवसांनी वाढवलीय. शिक्षा म्हणून नाही हं. गौरव म्हणून."

"सर, माझ्याशिवाय भोंगा वाजवायला कोणी नाही," आरासेली म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तिने तो लपवला नाही. "एकोणचाळीस जणं आहेत बँडमध्ये. वर्षभर घाम गाळलाय सगळ्यांनी. प्लीज सर."

"योग्य भाव," सरांनी मायेने आठवण करून दिली. "आपला आलेख खाली येईल."

ती बाहेर आली तेव्हा शेल्बी चौकात भिंतीकडे तोंड करून उभी होती. शेल्बीची शिक्षा चालू होती, कशाबद्दल ते तिलाही आठवत नव्हतं. आरासेलीने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. शेल्बीने पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं.

"दाराशी आत येणाऱ्याची झडती होते ना?" शेल्बी म्हणाली.

"हो."

"बाहेर जाणाऱ्याची कधी होताना बघितलीस?"

आरासेलीने आठवून बघितलं. नव्हती बघितली. बाहेर जाणारा कोणी असेल ही शक्यता नियमावलीने धरलीच नव्हती.

तिने शर्ट खोचला. हात मागे बांधले. चेहऱ्यावर योग्य भाव आणला आणि पिवळ्या रेघेवरून निघाली. झाडूच्या खोलीत गेली, फिरली, बाहेर आली, यंत्राला वळसा घातला आणि दाराकडे चालत राहिली. वाटेत गणिताचे सर भेटले, ते बाजूला झाले. स्टॅकपोल मॅडम भेटल्या, त्या कौतुकाने हसल्या. दारावरच्या पहारेकऱ्याने इतक्या शिस्तीत चालणारी मुलगी बघून दार उघडून धरलं. बाहेर ऊन होतं. रस्त्याच्या पलीकडे होवीता आपल्या पिकअप ट्रकचं इंजिन चालू ठेवून बसली होती.

"कागद मिळाला?" तिने विचारलं.

"नाही."

"बस आत," होवीता म्हणाली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा कागदाशिवाय निघाली.

शनिवारी सकाळी सात वाजता मि. हॅथकॉट बसच्या दाराशी यादी घेऊन उभे होते. आरासेली भोंगा अंगात घालून समोर आली. त्यांनी यादी बघितली, मग फोनवर संगणक उघडून बघितला. संगणकात स्वच्छ लिहिलं होतं: ओचोआ, आरासेली, नवी पहाट शाळा, मुदत चालू, हजर.

"तू ओचोआ आहेस?" त्यांनी सावधपणे एक पाऊल मागे सरकत विचारलं.

"संगणक काय म्हणतो, सर?"

मि. हॅथकॉट यांनी विचार केला. ओचोआ तिकडे आहे, म्हणजे ही ओचोआ नाही. ओचोआ नसलेल्या मुलीला मैदानात मनाई करणारा रकाना त्यांच्याकडे नव्हता. "चढ लवकर," ते म्हणाले. "मागे रांग खोळंबलीय."

बँडचा तिसरा नंबर आला. पहिला आला नाही, पण तळातला तो जाड, धीराचा सूर नऊच्या नऊ मिनिटं हलला नाही, आणि मैदान सोडताना आरासेली पुन्हा हसली. त्या हसण्याचे गुण कोणी भरले नाहीत.

सोमवारी ती जुन्या शाळेत जाऊन बसली. तिकडे नवी पहाट शाळेत हजेरी घेताना स्टॅकपोल मॅडम तिच्या नावापाशी अडखळल्या. गैरहजर लिहावं तर वर्तनाचे गुण शून्य होणार, आलेख घड्याळावरून कोसळणार, आणि दहा दिवसांवर निरीक्षक आलेले. त्यांनी डोळे टिपले आणि 'हजर' लिहिलं. मग तासातासाला कार्ड भरणं आलंच. हात स्वतःपाशी होते. चेहऱ्यावर अयोग्य भाव कोणी बघितला नव्हता. शंभर.

वीस तारखेला निरीक्षक आले. प्रिहोडा सरांनी त्यांना रेघेवरून, झाडूच्या खोलीतून, वर्गात नेलं आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची दाखवली. निरीक्षक तिथे वीस मिनिटं उभे राहिले. त्यांनी अहवालात लिहिलं की सत्तावीस वर्षांच्या सेवेत त्यांनी इतकी शांत, इतकी आज्ञाधारक, इतरांना तसूभर त्रास न देणारी विद्यार्थिनी बघितली नाही. शाळेला मानाची ढाल मिळाली. खुर्चीची मुदत दर तीस दिवसांनी वाढत गेली, आणि होवीताच्या घरी दर सत्राला दोन प्रगतिपुस्तकं येऊ लागली. त्यांपैकी जुन्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर शेरा असे, 'हुशार आहे, पण वर्गात फार हसते.'

हे सगळं तिकडे टेक्सासात झालं आणि आपल्याला त्याचं हसू आलं असेल, तर ते साहजिक आहे. मात्र आज सकाळी कुठल्यातरी दारातल्या यंत्रावर तुम्हीही अंगठा टेकवला असेल, आणि तिथे तुमच्या नावापुढे 'हजर' उमटलं असेल. तुम्ही इथे ही गोष्ट वाचत बसला आहात, आणि तिकडे तुमच्या खुर्चीचं काम छान चाललं आहे. वरिष्ठांची तिच्याबद्दल काही तक्रार नाही. यंदा तिला बढती द्यावी, असं त्यांच्या मनात आहे.